दिवाण करायचाय, त्यावर आई बसणार आणि दोन कॉकाटीलही. लाकूड जुन्या वाड्याचं आहे, सल्ला हवा

गावभागची सून

नमस्कार. आम्ही सध्या सांगलीत विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर राहतो, पण लग्न होऊन मी आले ती गावभागात, जुन्या वाड्यात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या माजघरात छातीएवढं पाणी होतं. पुढच्या दोन वर्षांत वाड्याची मागची बाजू उतरवावी लागली. त्यातलं सागवान आम्ही विकलं नाही. दारांच्या फळ्या आणि माजघराची एक तुळई जिन्याखाली रचून ठेवली आहे. त्या तुळईला पाळण्याची लोखंडी कडी अजून आहे. माझ्या नवऱ्याचा आणि नणंदेचा पाळणा तिलाच टांगलेला असायचा.

आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, मागच्या पावसाळ्यात खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, वॉकर धरून चालतात. तरी दिवसाचे नऊ-दहा तास हॉलमधल्या कॉटवरच जातात. दुपारची झोपही तिथेच. आणि त्यांच्या सोबतीला आमचे दोन कॉकाटील, म्हणजे तुऱ्याचे छोटे पोपट, सोन्या आणि भिंगरी. सकाळी देवपूजा झाली की आई राळ्याचं कणीस हातात धरतात. सोन्या त्यांच्या गुडघ्यावर येतो, एकेक राळा चोचीत फिरवून सोलतो आणि टरफल बरोबर आईंच्या पातळावर टाकतो. भिंगरी जरा भित्री आहे. ती कॉटच्या लोखंडी दांड्यावर बसून मान वाकडी करून बघत राहते, मग आई कणीस तिच्याकडे सरकवतात. हे अर्धा-पाऊण तास चालतं. हाड मोडल्यावर आई तीन आठवडे कुणाशी धड बोलत नव्हत्या, त्या पहिल्यांदा बोलल्या त्या सोन्याशी.

म्हणून मला एकच फर्निचर हवंय. आईंना बसायला-लवंडायला दिवाण, आणि त्यातच पक्ष्यांची बसायची जागा, त्यांचं खाणं-पाणी, रात्रीचा पिंजरा. मिस्त्रींनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला चित्र काढून दिलंय. दिवाणाच्या उशाकडे उंच पाठ, पाठीत देवळीसारखे दोन कोनाडे, एकाला गोल भोक असलेलं लाकडी घर आणि दुसऱ्याला जाळीचं दार. खाली अंथरूण-पांघरूण ठेवायला पेटी. वरून मेलामाईन पॉलिश. चित्र फार सुरेख आहे, आईंनाही आवडलं.

पण मला एका गोष्टीची धास्ती आहे, ती मोकळेपणाने सांगते. वाड्यात सासऱ्यांनी भिंतीतल्या कोनाड्याला जाळी मारून सहा बजरीगर पाळले होते. पुराच्या रात्री पाणी ओसरीवर आलं तेव्हा पिंजरा उचलायला पिंजराच नव्हता, भिंत होती. टॉर्च धरून मी एकेक पक्षी हाताने पकडला आणि भाजीच्या दुरडीत घातला, वरून सासऱ्यांचं उपरणं बांधलं. पाच मिळाले. सहावा, पिवळा, माझ्या बोटांतून सुटून अंधारात पाण्याच्या दिशेने उडाला. तो पंखांचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्यामुळे या वेळी काहीही झालं तरी पक्ष्यांची जागा एका हाताने उचलून जिना उतरता आली पाहिजे. मग ती दिवाणात बसवायची कशी? पॉलिश कुठलं? आणि जुनं लाकूड पक्ष्यांना चालतं का? मिस्त्री पंधरा दिवसांनी कामाला लागणार आहेत.

हळदीपेठ

वा, कल्पना छानच आहे! जाळीसाठी जीआय वेल्डमेश घ्या, कुठल्याही हार्डवेअरमध्ये मिळते, स्वस्त पडते. आणि बसायच्या दांड्यांसाठी तासगावकडून द्राक्षाच्या वेलीची जुनी खोडं आणा. छाटणी झाली की बांधावर ढीग पडलेले असतात. वेडीवाकडी असतात, पक्ष्यांना पकड चांगली मिळते आणि दिसायलाही देखणी.

मिरजेचा रंधा

ताई, मी मिरजेचा. बत्तीस वर्षं लाकडाचं काम केलं आणि त्यातली अठरा वर्षं घरात पक्षी आहेत. तुमचा मजकूर दोनदा वाचला. मिस्त्रींचं चित्र माणसासाठी चांगलं असेल, पण ते गोल भोकाचं घर तेवढं काढून टाका. आधी त्याबद्दलच लिहितो, कारण मी नेमकी तीच चूक केली आहे.

कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तिथे तो झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. त्यामुळे अंधारी, बंदिस्त, जेमतेम मावेल अशी जागा दिसली की मादीला तिथे झोपावंसं वाटत नाही, अंडी घालावीशी वाटतात. मी पुस्तकांच्या मांडणीत हौसेने असंच घर केलं होतं, सव्वादोन इंचाचं भोक, कडा कानशीने घासून लोण्यासारख्या केलेल्या. माझ्या मादीने त्यात सहा अंडी घातली. दीड महिन्यात परत पाच. तिसऱ्या वेळी अंडं अडकलं. पिसं फुलवून तळाशी बसली, शेपटी श्वासाबरोबर खालीवर हलत होती. रात्री अकराला डॉक्टरांकडे नेली. त्यांनी कॅल्शियम दिलं, उबेत ठेवायला सांगितलं. रात्रभर मी आणि बायको खोक्याशेजारी बल्ब लावून बसलो. पहाटे साडेचारला अंडं पडलं, कवच कागदासारखं मऊ होतं. ती वाचली. सकाळी चहाच्या आधी मी ते घर मांडणीतून उपटून काढलं. भोकाची फळी अजून कारखान्यात आहे, पेचकस अडकवायला.

म्हणून घर नाही, कोनाडा नाही आणि ताई, ती खालची पेटीसुद्धा नाही. दिवाणाची पेटी उघडी राहिली की भिंगरी पांघरुणाच्या घडीत शिरणार. शिवाय पेटी आली की डांबराच्या गोळ्या आल्या. त्यांचा वास पक्ष्याला विषारी आहे. दिवाण खालून मोकळा ठेवा, केरसुणी आरपार जाईल एवढा. आईंच्या खुब्याच्या दृष्टीनेही ते बरं, उठताना पाय मागे घ्यायला जागा मिळते. बसायची उंची गादी दाबल्यावर १९-२० इंच येऊ द्या, १६ वर आणू नका. मात्र हे माप आईंच्या गुडघ्यावरून आणि तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

आता लाकूड. सागवान चालतं, पण दारांच्या फळ्यांना ऑइलपेंट असणार, एकावर एक पाच-सात हात. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत नव्वद भागांच्या, आत ठेवायचा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या, त्यातही वाड्याच्या काळातल्या रंगात शिसं आहे असं धरूनच चालायचं. कॉकाटील दिवसभर लाकूड कुरतडतो, त्याचा तो धर्मच आहे. नव्वद ग्रॅमच्या जिवाला रंगाचे चार पापुद्रे पुरे होतात. आणि मिस्त्रींनी त्या फळ्या घरात कोरड्या घासल्या तर ती धूळ तुमच्या आईंच्या आणि पोरांच्या छातीत जाईल. त्या फळ्या या कामात घेऊच नका.

तुळई घ्या. तुळईला रंग नसतो, धूर असतो. कडी आणि जुने खिळे मिस्त्रींकडून काढून घ्या, चुंबक फिरवून बघा, मग वखारीत चिरून आणा. वरची अर्ध्या इंचाची काळी साल गेली की आतून मधासारखं सागवान निघेल. चिरणं आणि रंधा घराबाहेरच होऊ द्या, सागाचा भुसा माणसाच्याही नाकाला त्रास देतो.

हळदीपेठ, तुमच्या दोन्ही गोष्टींना नाइलाजाने नाही म्हणतो. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा. पक्षी जाळीला चोच घासत वर चढतो आणि जस्त पोटात जातं. व्हिनेगरने घासून कमी होतं, संपत नाही. ३०४ नंबरचं स्टेनलेस स्टील घ्यावं, महाग पडलं तरी. गजांमधलं अंतर दोन सेंटिमीटरच्या आत हवं, डोकं अडकता कामा नये. द्राक्षाचं खोड पक्ष्यांना खरंच उत्तम, जगभर वापरतात. पण आपल्या तासगावच्या बागांवर बोर्डो आणि बाकीच्या औषधांच्या किती फवारण्या होतात ते तुम्हीही बघता. ती सालीत मुरलेली असतात. कुणाच्या परसात औषध न मारलेला वेल असेल तर जरूर आणा. नाहीतर पेरूची फांदी. पेरूसारखं लाकूड नाही, टणक, साल बेताची, कुरतडायला गोड. कण्हेरीच्या आसपाससुद्धा जाऊ नका.

फांदी एकाच जाडीची नको. कुठे १६ मिलिमीटर, कुठे २५. पक्ष्याने पकडल्यावर पुढची आणि मागची नखं एकमेकांना भिडली तर फांदी बारीक आहे असं समजायचं. खरादावर काढलेला गुळगुळीत गोल दांडा देखणा दिसतो, पण पक्षी रोज तळव्याच्या त्याच ठिकाणी भार देतो आणि तिथे फोड येतो. साल राहू द्या. गरम पाण्याने घासायची, दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकायची, झालं.

एक माप मात्र मिस्त्रींना लिहूनच द्या. कॉकाटीलची निम्मी लांबी शेपटीत असते, सहा-सात इंच. फांदी भिंतीपासून किंवा पाठीच्या फळीपासून किमान आठ इंच पुढे हवी. बहुतेक सुतार दांडा भिंतीलगत मारतात, मग पक्षी वळला की शेपटी घासते आणि महिन्याभरात झाडूसारखी होते. फांदीच्या बरोबर खाली स्टीलचा ट्रे, दहा-बारा इंच रुंद, एक इंच उंच काठाचा, ड्रॉवरसारखा ओढून काढता येईल असा. पक्षी दर पंधरा-वीस मिनिटांनी घाण करतो. ट्रे ओढायला जड गेला तर कोणी तो रोज ओढत नाही, आठव्या दिवशी घरात वास येतो आणि मग पक्षी गॅलरीत जातो. मी असे पिंजरे गॅलरीत गेलेले पुष्कळ पाहिलेत. म्हणून ट्रे आईंना बसल्या जागेवरून नाही, तुम्हाला उभ्याने ओढता येईल अशा बाजूला ठेवा.

पॉलिश. मेलामाईन नको, पीयू म्हणजे पॉलियुरेथेनही नको. थिनरचा वास आठवडेच्या आठवडे लाकडातून येत राहतो आणि पक्ष्याची फुप्फुसं अंगाच्या मानाने आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा उपसतात. आमच्या मिरजेत सतारमेकर गल्लीत सतारी-तंबोऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या चपड्याचं पॉलिश करतात. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा आणि कापडाच्या बोळ्याने हात देत जायचं. स्पिरिट उडून गेलं की मागे राहते ती निव्वळ लाख. मी पक्ष्यांच्या सगळ्या फर्निचरला तेच करतो. खोट एवढीच, की ओलं राहिलं की पांढरा डाग पडतो. म्हणून जिथे घाण पडेल तिथे स्टील, जिथे आईंचा हात-पाठ लागेल तिथे चपडा आणि जिथे चोच लागेल तिथे कोरं लाकूड. काम मिस्त्रींच्या जागेत होऊ द्या आणि पॉलिशनंतर दिवाण पंधरा दिवस उघड्यावर राहू द्या, मग हॉलमध्ये घ्या. वाळवीचं औषध मारलेली एकही पट्टी मध्ये येऊ देऊ नका.

उचलायचं कसं, हा तुमचा खरा प्रश्न. त्याचं उत्तर बोर्डी. दिवाणाच्या हाताला बाहेरच्या बाजूने फळीची एक बोर्डी काढायची आणि तिच्यावर तयार स्टीलचा पिंजरा नुसता ठेवायचा. खिळा नाही, स्क्रू नाही. सरकू नये म्हणून बोर्डीला तिन्ही कडांनी अर्धा इंच काठ. पिंजरा वजनाला हलका घ्या, वर मूठ असलेला. दिवाणात पिंजरा बसवू नका, पिंजऱ्याला दिवाणाने जागा द्यावी.

अजिंक्यतारा

मी साताऱ्याला छातीच्या वॉर्डात परिचारिका आहे. वरचं सगळं पटलं, फक्त एका जागी अडले. ताई, मिस्त्रींच्या चित्रात पक्षी उशाकडे आहेत. ते कृपा करून बदला.

कॉकाटीलच्या पिसांतून पांढरी पूड झडते, बाकीच्या बऱ्याच पक्ष्यांपेक्षा जास्त. काळ्या टीव्हीवर बोट फिरवलंत तर दिसेल. ती पूड आणि वाळलेली विष्ठा वर्षानुवर्षं श्वासात गेली तर काही माणसांच्या फुप्फुसांना सूज येते. कोरडा खोकला लागतो, जिना चढताना दम लागतो आणि घरचे म्हणतात वयामुळे. सगळ्यांना होतं असं नाही. पण सत्तरीच्या पुढच्या, फारसं न चालणाऱ्या माणसाच्या नाकापासून हातभर अंतरावर रात्रभर पिंजरा नको. खोकला सुरू झाला तर डॉक्टरांना घरात पक्षी आहेत हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

केर कोरडा काढू नका, ओल्या फडक्याने पुसा. दिवाणाला नक्षी, खाचा, जाळीकाम नको, सगळी पूड त्यात बसते. आईंच्या अंगावर वाकळ असेल तर तिच्या सैल टाक्यांत पक्ष्याचं नख अडकतं. टर्किश टॉवेलचंही तसंच. वरून घट्ट विणीची मांजरपाटाची खोळ घाला, रोज झटकायची गॅलरीत.

आणि हॉलला लागून स्वयंपाकघर उघडं असेल तर नॉनस्टिक तवा घरातून काढा. तो रिकामा तापत राहिला तर त्याच्या वाफेने शेजारच्या खोलीतला पक्षी मिनिटांत मरतो. बिडाचा तवा वापरा.

गावभागची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. रंधादादा, तुमची ती रात्र वाचून भिंगरीकडे बघायलाही भीती वाटली. घर आणि कोनाडे काढले. मिस्त्री जरा नाराज झाले, कारण पेटी नसलेला दिवाण त्यांनी आजवर केलेला नाही. पण तुमचं सगळं मी त्यांना वाचून दाखवलं. शेपटीच्या मापाला त्यांनी स्वतः येऊन सोन्याला पट्टी लावून बघितली, साडेसहा इंच भरली.

अडचण आईंची आहे. पिंजरा पायथ्याकडे न्यायचा म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मग मला मान वळवून दिसणार कसे ते? माझं काय, मी उठू शकते का त्यांच्याकडे?” आणि गप्प बसल्या. त्यांचंही खोटं नाही. अजिंक्यताराताईंचंही खोटं नाही. मी काय करू? शिवाय हॉलमध्ये छताचा पंखा आहे आणि एप्रिल-मेमध्ये सांगलीत पंख्याशिवाय दुपार काढणं शक्य नाही. आतापर्यंत आठवणीने बंद करतो, पण धाकटा सात वर्षांचा आहे.

कोयनाकाठ

आमच्याकडे साधा पोपट आहे, हिरवा, रानातून सापडलेला. त्याला पण असं काही करता येईल का? तो फक्त पिंजऱ्यातच असतो.

अजिंक्यतारा

कोयनाकाठ, आपला हिरवा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, सापडलेला असला तरी. वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात कळवा. एकदम सोडून देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेल्याला बाहेर खायला मिळत नाही.

मिरजेचा रंधा

ताई, आईंचं म्हणणं मला पटतं आणि सिस्टरांचंही. यावर रस्ता आहे. दिवसाची जागा आणि रात्रीची जागा वेगळी करा. पक्ष्याला दिवसा माणूस लागतो, रात्री दहा-बारा तास शांत अंधार लागतो. हॉलमध्ये टीव्ही चालू असताना त्याला तो मिळणारच नाही. तेव्हा रात्री पिंजरा उचलून तुमच्या आतल्या खोलीत ठेवायचा. बोर्डीवरून उचलायचा म्हणजे तुमची रोज एकदा तालीमही होईल, पुराच्या वेळी हात चाचपडणार नाहीत. कॉकाटील अंधारात एकदम घाबरून पिंजरेभर फडफडतात, तर तिथे एक मिणमिणता दिवा असू द्या.

दिवसासाठी पेरूची फांदी दिवाणाच्या लांब बाजूला नको आणि उशाशीही नको. पायथ्याकडच्या हातावर लावा, पण आईंकडे तोंड करून. आई उशीला टेकून बसल्या की पाय ज्या दिशेला, तिकडेच नजर असते. मान वळवायची गरजच नाही, उलट उशाकडच्या पक्ष्यासाठीच वळवावी लागली असती. आई बसल्यावर त्यांचे डोळे जमिनीपासून किती उंच येतात ते मोजा, पावणेचार फुटांच्या आसपास येतील. फांदी त्याच उंचीला किंवा चार बोटं वर. पक्षी फार खाली असला की दबून असतो, फार वर असला की आईंचा हात पोचत नाही. एक बाजू भिंतीला लागलेली असू द्या. चारी बाजूंनी उघड्यावर तो सारखा सावध राहतो.

दिवाण आणि भिंत यांच्यामध्ये एक तर अजिबात फट नको, नाहीतर तुमचा अख्खा हात खांद्यापर्यंत जाईल एवढी हवी. दोन इंचांच्या फटीत पडलेला पक्षी पंख उघडू शकत नाही.

पंख्याचं. आईंच्या पायाशी भिंतीवर जाळीचा पंखा लावा आणि छताचा काढून टाका, हे सगळ्यात चांगलं. ते होईपर्यंत एक साधी गोष्ट करा. पिंजऱ्याच्या दाराला अडसर म्हणून स्टीलची काडी लागते ना, तशीच दुसरी काडी करून दाराला छोटं कुलपासारखं अडकवायचं आणि ते काढायचा आकडा पंख्याच्या बटणाशेजारच्या खिळ्यालाच टांगायचा. दुसरीकडे ठेवायचाच नाही. म्हणजे पिंजरा उघडायला कोणीही निघालं तरी आधी बटणापाशी जावं लागतं. माझ्या नातवाला चौथ्या वर्षी कळलं होतं.

गावभागची सून

अडीच महिन्यांनी लिहितेय. दिवाण परवा हॉलमध्ये आला.

तुळईतून सहा फळ्या निघाल्या. दोन खिळे चुंबकाला सापडले नव्हते, वखारीत करवतीचं पातं खराब झालं, त्याचे पैसे आम्ही भरले. पेटी नाही म्हणून अंथरूण ठेवायला जागा कमी पडते, हे खरं आहे. ते सध्या कपाटावर आहे, कडुनिंबाचा पाला घालून. चपड्याला मिस्त्रींनी चार दिवस घेतले, त्यांनी ते वडिलांच्या हाताखाली केलं होतं आणि पंचवीस वर्षांत पुन्हा केलं नव्हतं. रोज संध्याकाळी फोन करून सांगायचे, आज किती हात झाले. दारांच्या फळ्या अजून जिन्याखालीच आहेत, गोणपाटात गुंडाळून. त्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही.

भिंगरी पहिले दोन दिवस फांदीवर आलीच नाही. जुना कॉट बाहेर नेला तेव्हा तिने इतका आरडाओरडा केला की आईंनी कॉट परत आणा म्हटलं. मग मी कॉटच्या पायाला बांधलेली त्यांची जुनी सुती पट्टी सोडून फांदीजवळ दुमडून ठेवली, धागा लोंबणार नाही अशी. तिसऱ्या दिवशी दुपारी ती आली. पट्टी आता काढली.

पंखा भिंतीवर गेला. आकडा तरीही बटणाशेजारीच आहे, धाकट्याने काढू दिला नाही. पिंजरा रात्री मी उचलते, पावणेचार किलो भरतो, दोन्ही पक्षी धरून. काल मुद्दाम जिना उतरून खाली फाटकापर्यंत नेऊन आणला.

रंधादादा, एक तुम्हाला सांगायचं राहिलं. कडी काढल्यावर तुळईला आरपार भोक होतं, भोवती लोखंडाचा काळा डाग. मिस्त्री त्यात पाचर मारून बुजवणार होते. पायथ्याकडच्या हाताची फळी नेमकी तीच निघाली. त्यांनी भोक घासून साफ केलं, पेरूची फांदी टोकाला तासून त्यात घट्ट बसवली आणि मागून स्टीलचा विंगनट लावला. धुवायला फिरवून काढता येते. आईंनी पहिल्या दिवशी त्या काळ्या डागावर बोट ठेवलं आणि माझ्या नवऱ्याला हाक मारली. आत्ता हे लिहितेय तेव्हा सोन्या तिथेच बसलाय आणि आई त्याला कणीस धरून सांगतायत की या कडीची करकर ऐकल्याशिवाय आमचा बाळ झोपायचा नाही.